मधली बेचाळीस वर्षं रिकामी नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला जपानच्या मियू यामाशिताने वेल्समधल्या रॉयल पोर्थकॉलवर महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली आणि त्यानंतर आपल्या रविवारच्या क्रीडापानावर जपानी महिला गोल्फवर लेख आला. जेमतेम दीड मीटर उंचीची मुलगी समुद्राकाठच्या मैदानावर चार्ली हल आणि मिनामी कात्सू यांना दोन फटके कमी घेऊन मागे टाकते, हे मराठीत सविस्तर वाचायला मिळालं. त्याबद्दल आधी आभार मानते. लेख मी दोनदा वाचला आणि कापून वहीत चिकटवला. चिकटवताना एका वाक्याला पेन्सिलने खूण केली. हे पत्र त्या खुणेपायी आहे.

लेखात म्हटलं होतं की १९७७ मध्ये हिसाको हिगुची यांनी मेजर (गोल्फमधल्या सर्वात मोठ्या मानल्या जाणाऱ्या मोजक्या स्पर्धांपैकी एक) जिंकल्यावर जपानी महिला गोल्फमध्ये बेचाळीस वर्षं दुष्काळ पडला आणि तो २०१९ मध्ये हिनाको शिबुनोने संपवला. सालं बरोबर आहेत, शब्द चुकला आहे. मी खानदेशातली. १९७२ साली अकरा वर्षांची होते, शाळेत सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली आहे. काहीच उगवत नाही त्याला दुष्काळ म्हणतात. त्या बेचाळीस वर्षांत जपानमध्ये काय काय उगवलं ते लेखात यायला हवं होतं. आणि आयाको ओकामोतो हे नाव तर अख्ख्या लेखात एकदाही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

जळगावच्या निवृत्त शिक्षिकेचा गोल्फशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. माझा संबंध सॉफ्टबॉलमधून आला. मी चौतीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षिका होते. त्याआधी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले. पिचर (चेंडू टाकणारी) होते, आणि डावखुरी. आमच्या जिल्ह्यात या खेळाची मुळं खोल आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वडील खानदेश मिलमध्ये कामाला होते. पहाटेच्या भोंग्यावर आमचं घर उठायचं. मैदानावर फक्की मारण्यापासून बेस खिळ्यांनी ठोकण्यापर्यंत सगळं आम्ही मुलीच करायचो. एक ग्लोव्ह तिघींत असायचा, तोही उजव्यांसाठीचा. डावखुरीला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो. मी तो उलटा घालून खेळले आहे, अंगठ्याच्या जागी करंगळी खुपसून.

ओकामोतोंचा जन्म २ एप्रिल १९५१ चा, हिरोशिमा प्रांतातल्या अकित्सु या सेतो अंतर्देशीय समुद्राच्या काठच्या गावातला. त्यांच्या नावापुढे आधी गोल्फ नव्हतंच, सॉफ्टबॉल होतं. त्याही पिचर, त्याही डावखुऱ्या. शाळा संपल्यावर त्या दाइवाबो या कापडगिरणीच्या महिला संघातून खेळू लागल्या. संघाच्या मुख्य पिचर त्याच आणि फलंदाजीत चौथ्या क्रमांकावरही त्याच. आमच्या खेळात चौथ्या क्रमांकावर कुणाला पाठवतात ते खेळलेल्यांना माहीत आहे. बेसवर मुली थांबलेल्या असतात आणि त्यांना घरी आणायची जबाबदारी जिच्यावर टाकता येते, तिला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ ‘कापडगिरणी’ या शब्दापाशीच थांबले. माझ्या वडिलांच्या मिलमध्ये बाया कामाला होत्या. पण गिरणी बायांना पगारी नोकरी देते आणि त्यांचा खेळाचा संघही उभा करते, हे माझ्या वडिलांना मी सांगितलं असतं तर त्यांनी ते खरं मानलं नसतं. जपानमध्ये हे सर्रास होतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या त्यांच्या व्हॉलीबॉल संघातल्या बहुतेक मुली एकाच कापडगिरणीच्या होत्या. २००८ मध्ये बीजिंगला दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून जपानला सॉफ्टबॉलचं सुवर्ण मिळवून देणारी युकिको उएनोही कंपनीच्याच संघातून घडली. मुलीला अठराव्या वर्षी पगार आणि मैदान एकाच दारातून मिळालं की पुढे काय होतं, त्याचं ओकामोतो हे मोठं उदाहरण आहे.

आता ज्यासाठी मी मुलींना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते ते. ओकामोतोंनी गोल्फची काठी नीट हातात घेतली ती १९७३ च्या सुमाराला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. सॉफ्टबॉल सोडून त्या ओसाकाजवळच्या इकेदा क्लबमध्ये शिकाऊ म्हणून राहिल्या. १९७४ च्या शरद ऋतूत व्यावसायिक खेळाडूची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १९७५ मध्ये पहिली स्पर्धा जिंकली. आज जपानमधली मुलगी पाचव्या-सहाव्या वर्षी गोल्फ सुरू करते. आपल्याकडचे पालक सोळा वर्षांच्या मुलीला माझ्यासमोर आणून म्हणतात, ‘बाई, आता उशीर झाला ना?’ मी त्यांना बाविसाव्या वर्षाचं सांगते. मी स्वतः बाविसाव्या वर्षी ग्लोव्ह ट्रंकेत ठेवला होता. लग्न ठरलं होतं आणि घरात कुणालाही, मलासुद्धा, त्यात वेगळं काही वाटलं नाही. म्हणून हा आकडा मला एखाद्या सालासारखा कोरडा वाचता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी मुलाकडे जपानला गेले होते. तो ओसाकाजवळ नोकरीला आहे. एका रविवारी तो मला गोल्फच्या सरावाच्या जागी घेऊन गेला. तीनमजली लांबलचक सज्जा, समोर हिरव्या जाळीची उंचच उंच भिंत आणि पायाखालच्या चटईतल्या भोकातून आपोआप वर येणारा चेंडू. एक मारला की दुसरा हजर. डावखुऱ्यांची काठी नव्हती, म्हणून उजवी घेतली. पहिले दहा-बारा चेंडू चटईवरच सरपटले. मग मला सवयीने वाटलं, हा खाली पडलेला चेंडू म्हणजे गुडघ्याखाली आलेला पिच समजावा आणि कंबर आधी वळवावी. तेरावा की चौदावा चेंडू उडाला. फार लांब नाही, पण सरळ गेला आणि जाळीच्या आधी पडला.

शेजारच्या खणात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ सराव करत होते. त्यांनी मुलाला काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, ‘आई, ते विचारताहेत तुम्ही आधी कुठला खेळ खेळायचात.’ मी म्हटलं, सॉफ्टबॉल. त्या गृहस्थांनी काठी खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर आपटले आणि म्हणाले, ‘ओकामोतो आयाको!’ घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. मग त्यांनी आपल्या डाव्या दंडावर उजव्या हाताने दोनदा थोपटलं आणि मला तसंच उभं राहायला लावलं.

त्या थोपटण्याचा अर्थ मला रात्री झोपताना लागला. ओकामोतो चेंडू डाव्या हाताने टाकायच्या, पण गोल्फ उजव्या हाताने खेळल्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात पुढे असतो आणि काठीला दिशा तो देतो. म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये वर्षानुवर्षं घडलेला, पिचरचा जो जबरदस्त हात, तोच त्यांचा गोल्फमधला पुढचा हात झाला. आमच्या खेळात हात वर्तुळात फिरून खाली येतो, मनगट मांडीला घासतं आणि तिथे चेंडू सुटतो. माझ्या डाव्या मांडीवर सगळ्या खेळाच्या वर्षांत एक निळसर डाग होता आणि ट्रॅकपँट फक्त तेवढ्याच जागी विरायची. हात कंबरेच्या आधी पळाला तर चेंडू हुकतो. कंबर आधी आणि हात मागून आला तर वेग येतो. गोल्फमध्येही तेच. ओकामोतोंच्या फटक्याच्या लयीची जाणकार फार स्तुती करतात. त्यांच्या जुन्या चित्रफिती मी मुलींबरोबर मोबाइलवर पाहिल्या आहेत. गोल्फमधलं मला अजून पुष्कळ कळत नाही. पण त्यांची कंबर वळते तेव्हा मला त्यात सॉफ्टबॉल दिसतो, यावर मी ठाम आहे.

कारकिर्दीचं सांगते, कारण लेखात तेच गाळलं गेलं आहे. जपानमध्ये पुष्कळ जिंकून झाल्यावर, १९८१ मध्ये तिथल्या बक्षीसरकमेच्या यादीत पहिल्या आल्यावर, त्या अमेरिकेत गेल्या. तेव्हा त्या तिशीत होत्या. १९८२ मध्ये अॅरिझोनात अमेरिकी दौऱ्यावरचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतला, पहिला विजय मिळाला. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या वोबर्नला ब्रिटिश ओपन त्यांनी अकरा फटक्यांनी जिंकली. चार दिवसांच्या स्पर्धेत एका-दोन फटक्यांनी निकाल लागतो आणि या बाई अकराने पुढे होत्या. पुढच्या वर्षी कंबरेच्या मणक्याने दगा दिला. १९८५ मध्ये अमेरिकेत एकही विजय नाही. १९८६ मध्ये परत दोन विजय.

मग १९८७. त्या वर्षी अमेरिकेत चार स्पर्धा जिंकल्या, बक्षीसरकमेत पहिल्या आल्या आणि अमेरिकी महिला व्यावसायिक संघटनेच्या (एलपीजीएच्या) वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडू ठरल्या. हा मान १९६६ पासून दिला जात होता आणि तोपर्यंत एकाही बिगरअमेरिकी खेळाडूला मिळालेला नव्हता. पहिली परदेशी बाई हिरोशिमातली, सॉफ्टबॉलमधून आलेली, छत्तीस वर्षांची. संपादक महोदय, तो दुष्काळाचा मधला काळ होता. तेव्हा महिला गोल्फची जागतिक क्रमवारी नव्हती, ती २००६ मध्ये सुरू झाली. असती तर १९८७ च्या अखेरीस पहिल्या क्रमांकावर कुणाचं नाव असतं याबद्दल मला शंका नाही. त्याच वर्षी आपल्याकडे क्रिकेटचा विश्वचषक होता आणि आमच्या शिक्षककक्षात गावसकरच्या शतकाशिवाय विषय नव्हता. आम्हाला आयाको ओकामोतो हे नाव कुणी ऐकवलंच नाही. मी क्रीडाशिक्षिका असून मला ते पंचवीस वर्षांनी कळलं.

त्यांनी मेजर जिंकली नाही, हे खरं आहे. लेखकाने मेजरचीच मोजदाद केली म्हणून त्या गळाल्या, हेही मला समजतं. पण ती न जिंकलेली मेजर कशी गेली ते एकदा पाहा. १९८६ मध्ये टोरांटोला दू मोरिए क्लासिकमध्ये बरोबरी झाली आणि पॅट ब्रॅडलीने प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, घेतली. १९८७ मध्ये त्याच स्पर्धेत पुन्हा दुसऱ्या. १९८९ च्या एलपीजीए चॅम्पियनशिपमध्ये नॅन्सी लोपेझच्या मागे दुसऱ्या. १९९१ मध्ये त्याच स्पर्धेत मेग मॅलनने अखेरच्या होलवर बर्डी केली (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतला) आणि ब्रॅडली व ओकामोतो दोघी एका फटक्याने मागे राहिल्या. होलचा व्यास सव्वाचार इंच असतो. चहाची बशीसुद्धा त्याहून मोठी असते.

आणि १९८७ ची यूएस ओपन. न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्ड क्लबवर पावसाने स्पर्धा लांबवली. चार फेऱ्यांनंतर तिघी बरोबरीत राहिल्या : इंग्लंडची तेवीस वर्षांची लॉरा डेव्हिस, अमेरिकेची अठ्ठेचाळीस वर्षांची जोअॅन कार्नर आणि ओकामोतो. त्या काळी अशा वेळी पूर्ण अठरा होल पुन्हा खेळावे लागायचे. रविवारी संपायची स्पर्धा मंगळवारपर्यंत गेली, २८ जुलैला. डेव्हिस ७१, ओकामोतो ७३, कार्नर ७४. पाच फेऱ्या, नव्वद होल आणि शेवटी दोन फटके. मी शाळेच्या मुलींना घेऊन विभागीय स्पर्धेत सात इनिंगनंतर जादा इनिंगमध्ये हरले आहे. परतीच्या एसटीत एकही मुलगी बोलत नव्हती. त्या मुलींना मी कधी म्हटलं नाही की तुमच्याकडून काही झालं नाही. उलट शाळेत परत आल्यावर फळ्यावर त्यांची नावं लिहिली होती.

वोबर्नबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. शिबुनोने २०१९ मध्ये जिंकलेली ब्रिटिश ओपनही वोबर्नलाच झाली. मैदान त्याच क्लबचं, त्यांनी नंतर बांधलेलं दुसरं. स्पर्धा तीच. फरक एवढाच की २००१ पासून त्या स्पर्धेला अमेरिकी संघटनेने मेजरचा दर्जा दिला. १९८४ मध्ये तो नव्हता. ओकामोतोंनी अकरा फटक्यांनी जिंकली ती नुसती स्पर्धा, शिबुनोने एका फटक्याने जिंकली ती मेजर. नियमाप्रमाणे हे बरोबर आहे आणि शिबुनोचं मोठेपण मला जराही कमी करायचं नाही. त्या मुलीवर माझा फार जीव आहे. शेजारच्या ओकायामा प्रांतातली, वीस वर्षांची, पहिल्याच मेजरमध्ये खेळणारी. सामन्यात मधेच खाऊ खायची, प्रेक्षकांच्या हातावर टाळी द्यायची. शेवटच्या फेरीत तिसऱ्या होलवर चार पुट (होलजवळचे हलके फटके) गेले, दुसरी एखादी तिथेच कोलमडली असती. शेवटच्या होलवर लांबचा पुट होता, तो न रेंगाळता असा ठोकला की चेंडू होलच्या मागच्या कडेवर आपटून आत गेला. आणि तीही लहानपणी सॉफ्टबॉल खेळलेली! आठव्या वर्षी गोल्फ आणि सॉफ्टबॉल तिने बरोबरच सुरू केले. हे कळलं त्या दिवशी मी शेजारणीला सांगायला गेले होते. म्हणून म्हणते, २०१९ कडे दुष्काळ संपल्याचं साल म्हणून पाहू नका. हिरोशिमाच्या डावऱ्या पिचरने पस्तीस वर्षांपूर्वी जिथे जिंकलं होतं, तिथेच शेजारच्या प्रांतातली दुसरी सॉफ्टबॉलची मुलगी पोहोचली, असं पाहा.

या दोघींच्या मधे आणखी एक आहे, आय मियाझातो. ओकिनावाच्या उत्तरेकडच्या हिगाशी नावाच्या छोट्या गावातली. वडील गोल्फ शिकवणारे, दोन्ही भाऊ व्यावसायिक खेळाडू. २००३ मध्ये शाळकरी हौशी खेळाडू असताना तिने जपानच्या व्यावसायिक दौऱ्यावरची स्पर्धा जिंकली. हौशी खेळाडूने असं करण्याला तीस वर्षं उलटली होती. उंची पाच फूट दोन इंचांच्या आत-बाहेर आणि फटका इतका सावकाश की बघणाऱ्याला वाटावं ही मधेच थांबणार. २००९ मध्ये फ्रान्समध्ये अमेरिकी दौऱ्यावरचा पहिला विजय, २०१० मध्ये पाच विजय आणि त्या जूनमध्ये जगात पहिला क्रमांक. एकूण नऊ विजय, मेजर एकही नाही, २०१७ मध्ये निवृत्ती. आता शिबुनो, नासा हाताओका, मिनामी कात्सू यांची जन्मवर्षं पाहा : १९९८ आणि १९९९. मियाझातो शाळेत असताना जिंकली तेव्हा या मुली चार-पाच वर्षांच्या होत्या आणि जपानच्या टीव्हीवर तीच दिसत होती. आज यामाशिता, २०२४ मध्ये एव्हियन ही मेजर जिंकलेली आयाका फुरुए, २०२५ च्या एप्रिलमध्ये टेक्सासला पाच जणींच्या प्लेऑफमधून शेव्हरॉन ही मेजर जिंकलेली माओ साइगो ही सगळी फळी एकाएकी आलेली नाही. बी पेरल्याशिवाय पीक येत नाही आणि पेरणी त्या ‘कोरड्या’ वर्षांत झाली.

हिगुचींबद्दल लेखात एकच ओळ होती, त्यांच्याविषयीही थोडं लिहिते. त्यांचा जन्म १९४५ चा, साइतामा प्रांतातल्या कावागोएचा. शाळेत त्या अडथळ्यांच्या शर्यती धावायच्या. १९५७ मध्ये कावागोएतल्याच कासुमिगासेकी क्लबवर कॅनडा कप जिंकून जपानला गोल्फचं वेड लावणाऱ्या तोराकिची नाकामुरांकडे त्या शिकल्या. १९७७ ची त्यांची मेजर अमेरिकेत साउथ कॅरोलायनात झाली. ती आशियातल्या कुणाही खेळाडूची पहिली मेजर होती. पुढे त्या जपानच्या महिला व्यावसायिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. आणि त्यांच्याच गावातल्या त्या कासुमिगासेकी क्लबमध्ये मार्च २०१७ पर्यंत बायकांना पूर्ण सभासदत्व मिळत नव्हतं. टोकियो ऑलिंपिक तिथे व्हायचं म्हणून बाहेरून दडपण आलं, तेव्हा नियम बदलला. जिच्या गावाला तिने जगात नेलं, त्या गावच्या क्लबाचं दार बायकांना इतक्या उशिरा उघडलं, हे वाचून मला त्या रात्री झोप आली नाही.

त्याच मैदानावर ७ ऑगस्ट २०२१ ला आपली अदिती अशोक खेळत होती. त्या पहाटे आम्ही घरातले चौघे टीव्हीसमोर होतो. गोल्फचा एक नियम धड माहीत नसताना माझे यजमान प्रत्येक पुटला श्वास धरत होते. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेली, काठ्यांची पिशवी सांभाळायला आईला कॅडी म्हणून घेऊन आलेली बंगळुरूची मुलगी चौथी आली, पदकाला एक फटका कमी पडला. जपानच्या मोने इनामीने लिडिया कोला प्लेऑफमध्ये हरवून रौप्य घेतलं. संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला आणि साहजिकच सगळा देश तिकडे वळला. अदितीचं काय झालं, असं चौथ्या दिवशी शाळेत कुणाला आठवतही नव्हतं. मला ते आठवतं, कारण त्याच आठवड्यात मी ओकामोतोंच्या १९८७ बद्दल वाचत होते. एका-दोन फटक्यांनी राहिलेल्या बाया माझ्या डोक्यात एकमेकींच्या शेजारी येऊन बसल्या.

पत्र लांबलं, क्षमा असावी. आपण कात्री लावाल तेव्हा मियाझातोचा मजकूर कमी करा, अदितीचा गाळला तरी चालेल. ओकामोतोंचा गाळू नका. वाचकांसाठी त्यांची नोंद इथे एकत्र देते. जगभरात ६२ विजय, त्यात जपानच्या दौऱ्यावर ४४ आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर १७. अमेरिकेतला शेवटचा १९९२ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. २००५ मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये समावेश.

निवृत्तीनंतरही मी सकाळी सहा ते आठ मैदानावर असते. सध्या माझ्याकडे आठवीतली एक डावखुरी पिचर आहे. तिची आजी तिला अजून डाव्या हाताने जेवू देत नाही. मैदानावर मात्र तो हात वर्तुळात फिरतो तेव्हा कॅचर एक पाऊल मागे सरकते. यंदा वर्गणी काढून तिला डावखुऱ्यांचा ग्लोव्ह आणला आहे, अगदी नवा, अजून कडक. ती रात्री त्यात चेंडू ठेवून, दोरीने बांधून, उशाखाली घेऊन झोपते म्हणजे खळगा पडेल. तिला मी तुमचा लेख वाचायला दिला होता. तिने विचारलं, ‘बाई, तुमच्या त्या सॉफ्टबॉलवाल्या बाई यात कुठे आहेत?’

दुरुस्ती दोन ओळींची छापलीत तरी पुरे. वहीत त्या कात्रणाशेजारी, पेन्सिलच्या खुणेजवळ, तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
जळगाव